रिकाम्या चौकोनांचा मोटार मेळा

वैशालीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला शिकवायला निघायच्या घाईत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. ती म्हणाली, "बाबा निघाले." आवाज नेहमीसारखाच होता, थोडा सावकाश. मला वाटलं, अकोल्याला निघाले असतील. मधुकाका नेहमी कुठे ना कुठे निघालेलेच असत. म्हणून मी विचारलं, "कोणत्या गाडीनं?" तेव्हा ती म्हणाली, "नाही गं निमा. गेले."

मी डबा तसाच ओट्यावर ठेवून शेजारच्या फाटकातून आत गेले. काका व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले होते. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, पायात बूट, नाड्यासुद्धा बांधलेल्या. त्यांना त्या दिवशी कुठे जायचं होतं हे वैशालीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, झोपेतच गेल्यासारखे गेले म्हणाले. वैशाली तेव्हा हळूच म्हणाली, "बूट घालून कोण झोपते?"

आता त्या गोष्टीला काही आठवडे झाले. भेटायला येणारे लोक अजून विचारतात, "मोटार मेळ्यावाले मधुकरराव तुमचे कोण?" कोणीच नाही. आमची भिंत एक होती, एवढंच. ते पॉलिटेक्निकमध्ये इंजिन शिकवायचे. मूळचे अकोटकडचे, घरची काळी शेती भावांनी पाहिली आणि यांनी लहानपणीच ट्रॅक्टरच्या खाली पडी मारली, ती पुढे कधी उठलेच नाहीत असं त्यांची आई म्हणायची. बायको लवकर गेली. वैशालीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. त्यांच्या अंगणात एक जीप होती, भंगारातून उचललेली. तिचं बॉनेट उघडं आणि काकांचे पाय बाहेर, हे चित्र मी लहानपणापासून भिंतीवरून पाहिलं आहे.

त्या जीपमुळेच त्यांची बाळापूरच्या डॉक्टरांशी ओळख झाली. डॉक्टरांकडे काळी फियाट होती. तिच्या पोटातून एक आवाज यायचा, तो कुणालाच सापडत नव्हता. कुणीतरी त्यांना अमरावतीला काकांकडे पाठवलं. काकांनी गाडी चालू करून नुसती ऐकली, डोळे मिटून, आणि आवाज सापडला. तो गेला तरी डॉक्टर येतच राहिले. गाडीतून थेंब थेंब ऑइल गळायचं, ते मात्र थांबलं नाही. काका म्हणत, "वायसर बदल." डॉक्टर म्हणत, "गळू द्या. ती आली होती हे समजलं पाहिजे." असे दोघं. त्यांच्या गप्पांतूनच मेळा निघाला. वऱ्हाडात गोठ्यांत, गोदामांत, ताडपत्रीखाली ज्या जुन्या मोटारी पडून आहेत त्यांना वर्षातून एकदा उन्हात आणायचं, एकमेकींना दाखवायचं… डॉक्टर खरोखर असंच बोलायचे, गाड्यांनी गाड्यांना भेटायचं असं.

जागा मिळाली अकोल्यात. स्टेशनच्या अंगाला एक बंद पडलेलं कापसाचं जिन होतं. सरकी वेगळी करणारे रेचे कधीच काढून नेले होते. उरलं होतं ते मोठं पटांगण, दोन बाजूंना टिनाची शेडं आणि पुढे लोखंडी फाटक. शेडांच्या छताखालच्या लोखंडी कैच्यांवर जुनी रुई अजून चिकटलेली होती. वारा सुटला की ती खाली यायची, उन्हात तरंगत. नव्या माणसाला वाटायचं काहीतरी फुललं आहे. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला आणि तोच कायम झाला.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं. काका भिंतीपलीकडून म्हणाले, "पोरी, तुहा आवाज दूर जाते. रविवारी अकोल्याले चाल." मी गेले, आणि मग प्रत्येक वर्षी गेले. माईकवर काय बोलायचं ते त्यांनी मला जीपमध्येच, बडनेरा ओलांडताना शिकवलं. "आधी मानसाचं नाव. मंग गावाचं. गाडीचं सगळ्यात शेवटी." मी म्हटलं, "काका, लोक गाडी पाहायला येतात." ते म्हणाले, "गाडी दिसतेच ना त्यायले. मानूस नाई दिसत, म्हनून सांगा लागते."

पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच गाड्या होत्या आणि पाहायला आलेले बहुतेक लोक त्या गाड्यांतूनच आलेले होते. पण बातमी पसरली. तीन-चार वर्षांत असं झालं की अमरावतीहून निघालेली रांग मूर्तिजापूरला चहाला थांबली की गाव रस्त्यावर यायचं. दर्यापूरकडची माणसं काळीपिवळीच्या टपावर बसून यायची. अकोटच्या एका घराण्याची लांबलचक निळी गाडी होती, तिच्यातून तीन पिढ्यांच्या वराती निघाल्या होत्या. नवरीच्या वेशातले फोटो घेऊन त्या घरच्या बायका यायच्या आणि त्याच दारापाशी उभ्या राहून पुन्हा फोटो काढायच्या. नंतर ट्रॅक्टरवाले आले, मोटारसायकलवाले आले, नव्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी मंडप टाकले. भज्यांचा वास, पेट्रोलचा वास, आणि वरून तरंगत येणारी रुई. एक वर्ष असं होतं की फाटकातून आत शिरायलाच दुपार झाली. मी बोलून बोलून घसा बसवून घेतला होता आणि डॉक्टरांनी मला आपल्या बॅगेतून गोळी काढून दिली होती.

मेळ्याची शिस्त काकांची. चुन्याच्या फक्कीनं पटांगणावर चौकोन आखलेले असत. ज्याचा त्याचा चौकोन ठरलेला. उन्हं डोक्यावर आली की काका फेरी काढत. हात मागे बांधून एकेका गाडीपाशी थांबत, वाकून खाली पाहत, कान लावत, मालकाशी दोन शब्द बोलत. पहिला नंबर, दुसरा नंबर असला प्रकार नव्हता. संध्याकाळी एकेक गाडी फाटकातून बाहेर पडायची. मी नाव घ्यायची, काका हिरवं निशाण दाखवायचे, आणि जिनचे राखणदार सलामभाई फाटकाचं जड दार धरून उभे असायचे. शेवटची गाडी काकांची.

मग एका वर्षी मेळा तोंडावर आला असताना डॉक्टर गेले. दवाखान्यातच, पेशंट तपासून झाल्यावर, खुर्चीत. मुलं बाहेरगावी होती. त्यांना गाडीचं काय करायचं कळेना, तेवढ्यात लांबच्या शहरातला कुणी हौशी माणूस आला आणि काळी फियाट घेऊन गेला. आम्हाला कळलं तोवर ती ट्रकवर चढून गेलीही होती. मला वाटलं त्या वर्षी काका मेळा रद्द करतील. रविवारी सकाळी मी पटांगणात शिरले तर सलामभाई फक्कीचं घमेलं घेऊन उभे, आणि डॉक्टरांचा चौकोन नेहमीच्या जागी आखलेला. पांढरा, ताजा, रिकामा.

मी काकांना म्हटलं, "गाडी तर विकली ना?"

"गाडी विकली," काका म्हणाले. "जागा नाई विकली."

यादीत नाव होतं. मी माईकवर ते घेतलं… डॉक्टरांचं नाव, बाळापूर, काळी फियाट. गर्दी एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. डॉक्टर फाटकातून शिरताना असाच वाजवायचे, वर्षानुवर्षं, सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासकट सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, एक सायकलवाला होता आणि दूर जाणारी एसटी. कुणीही वाजवला असेल. अकोल्यात हॉर्नला काय तोटा? पण सलामभाईंनी फाटकाचं एक दार अर्धवट लोटलेलं होतं, ते त्यांनी पूर्ण उघडलं आणि थोड्या वेळानं, काहीतरी आत येऊन गेल्यावर लोटावं तसं, परत लोटलं.

संध्याकाळी आवराआवर करताना मी त्या चौकोनाजवळून जात होते. काका तिथे उकिडवे बसले होते. चौकोनाच्या मधोमध, जरा पुढच्या बाजूला, मातीत काळे ओले थेंब पडलेले होते. काकांनी बोटाला लावून वास घेतला आणि बोटं एकमेकांवर चोळली. "सांगतलं होतं त्याले," ते म्हणाले, "वायसर बदल म्हनून." ते हसले नाहीत, घाबरलेही नाहीत. चिडले मात्र थोडेसे, मित्रावर चिडावं तसे. मी ते थेंब पाहिले. जुन्या गाड्यांच्या पटांगणात ऑइलचे थेंब कुठेही असू शकतात, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं.

पुढच्या वर्षी आणखी एक चौकोन रिकामा राहिला. मग आणखी. म्हातारे मालक एकामागून एक जात होते आणि मुलांना त्या गाड्यांचं ओझं होत होतं. अकोटची निळी गाडी एका हॉटेलच्या दारात शोभेला जाऊन बसली. कुणाची भंगारात गेली, कुणाच्या कागदपत्रांची मुदत संपली. काकांनी एकही चौकोन पुसला नाही. फेरीला निघाले की ते रिकाम्या चौकोनांपाशीही तितकाच वेळ थांबत. वाकून पाहत. कान लावत. दोन शब्द बोलत. पाहणारे लोक आधी हसत, मग हसायचे थांबले, आणि मग त्या बाजूला जायचेच थांबले. सलामभाई तर घमेलं घेऊन जायचं असलं तरी चौकोनांतून जात नसत, कडेकडेनं वळसा घालून जात. मी एकदा विचारलं, "काहून हो, सलामभाई?" ते सहज म्हणाले, "गाडी खडी है ना, बेटा. बीच में से कैसे जाना?"

मेळा उतरला तो असा. लोक आता म्हणतात की मोबाइलमुळे उतरला, हायवेवर मोठमोठी शोरूम झाली म्हणून उतरला, मधली दोन वर्षं साथीच्या आजारानं सगळंच बंद होतं म्हणून उतरला. ते खरं आहेच. पण मी तिथे होते. एका वर्षी नव्या गाड्यांचे विक्रेते काकांकडे आले. त्यांना मंडप वाढवायचे होते, आणि पटांगणाचा चांगला, फाटकासमोरचा भाग रिकाम्या चौकोनांनी अडवलेला होता. ते सभ्यपणे बोलले. म्हणाले, एखादा फलक लावू, गेलेल्यांचे फोटो लावू, हार घालू, पण जागा मोकळी करा. काका नाही म्हणाले. विक्रेते गेले आणि त्यांनी दुसरीकडे आपलं वेगळं प्रदर्शन सुरू केलं, गार हवेच्या हॉलमध्ये. त्यांच्यामागे भजीवाले गेले, मोटारसायकलवाली पोरं गेली. मेळ्याच्या कार्यकारिणीतले लोक मधुकररावांचं डोकं फिरलं म्हणत एकेक करून यायचे थांबले.

मी त्या दिवशी परतताना जीपमध्ये त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "काका, मेलेल्यांसाठी तुम्ही जिवंत मेळा मोडला. जिवंत माणसांना जागा द्या ना." मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक लागलेलं होतं, गाडी यायची होती. इंजिन बंद करून ते म्हणाले, "जित्याले कोठीबी जागा भेटते, निमा. यायले फक्त अठीच भेटते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आन् तू नाव घेतलं की ते येतात. तुले दिसत नाई, पन येतात. मी काय करू?"

रेल्वे धडधडत गेली. फाटक उघडलं. आम्ही पुढे निघालो. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण माईकवर नाव घेताना माझा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. प्रत्येक नावानंतर मी थोडी थांबायला लागले. मुद्दाम नाही… कुणी दार उघडून बाहेर येईपर्यंत आपण थांबतो ना, तसं.

यंदा जिनची जागा विकली गेली. संक्रांतीनंतर पाडायला सुरुवात होणार होती. मालकांनी काकांचा मान ठेवून तेवढा एक रविवार दिला. वैशालीला बँकेचं काम होतं, म्हणून मी आणि काका दोघंच जाणार होतो. सकाळी मी फाटकाशी आले तर काका एसटीच्या थांब्याकडे चाललेले. मी म्हटलं, "जीप?" ते म्हणाले, "दिली." कुणाला, कशी, केव्हा, काही सांगितलं नाही. अंगणात जिथे ती इतकी वर्षं उभी होती तिथली माती नुसती काळी पडलेली होती.

तर यंदा मोटार मेळ्याला एकही मोटार नव्हती. हे वाक्य लिहितानाही मला विचित्र वाटतं. पटांगणभर पांढरे चौकोन, कोरे, उन्हात डोळे दिपवणारे. सलामभाईंनी आदल्या दिवशी सगळे आखून ठेवले होते. एका कोपऱ्यात टेबल, त्यावर माईक आणि एकच स्पीकर. पाहायला मोजकी म्हातारी माणसं आली होती. जो तो आपापल्या ओळखीच्या चौकोनापाशी जाऊन उभा राहिला, रेषेच्या बाहेर. शेडाचे टिन ऊन खाऊन मधूनच कडकन वाजायचे, तेवढाच आवाज. कैच्यांवरची रुई त्या दिवशी फार पडत होती. बहुधा पाडकामवाल्यांनी वरचे खिळे आधीच सैल केले असावेत.

डॉक्टरांच्या पत्नी आल्या होत्या. डॉक्टर गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाळापूरहून पुतण्यानं सोडलं आणि तो कामाला निघून गेला. त्या सरळ काळ्या फियाटच्या चौकोनाकडे गेल्या, डाव्या बाजूला. तिथे त्यांनी चपला काढल्या. डॉक्टरांना गाडीत माती आलेली खपायची नाही, हे मला त्यांनी पूर्वी सांगितलं होतं. मग त्या रेषा ओलांडून आत गेल्या आणि उभ्या राहिल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून मला वाचायला सांगितलं.

मी एकेक नाव घेतलं. माणूस, गाव, गाडी. काका फेरीला निघाले. उन्हानं त्यांची सावली पायाशी गोळा झाली होती. ते प्रत्येक चौकोनापाशी वाकत होते आणि मला स्पीकरच्या आवाजापलीकडून त्यांचे शब्द तुटक तुटक ऐकू येत होते. "पेट्रोल जास्त देऊन राहिला तू…" "हा रंग नाई चांगला दिसत, पहिलाच बरा होता…" "नातू काय करते आता?" आणि मधे मधे ते थांबत होते. समोरचा बोलत असताना माणूस थांबतो तितकाच वेळ. काही ठिकाणी त्यांनी मान डोलावली. निळ्या गाडीपाशी तर खळखळून हसले. मी त्यांना ओळखत होते. ते नाटक करणारे नव्हते.

फेरी संपली तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी चौकोनातून बाहेर आल्या आणि चपला घालायला माझ्या टेबलाचा आधार घेतला. त्यांच्या पातळाच्या काठाला काळा, ओला डाग पडला होता. मी म्हटलं, "काकू, काठ…" त्यांनी खाली पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "हे नेहमीचंच हाये." आणि पुतण्याची वाट पाहत फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा मला आजही नीट सांगता येणार नाही. माहेरी जाऊन आलेल्या बाईसारखा होता, एवढंच म्हणता येईल.

उन्हं कलली तसे काका निशाण घेऊन फाटकाशी उभे राहिले. सलामभाईंनी दार धरलं. मी पुन्हा नावं घ्यायला लागले, या वेळी निरोपाची. काका निशाण दाखवत. त्यांची नजर चौकोनापासून निघून त्यांच्याच पुढून फाटकाकडे आणि फाटकाबाहेर जाई, गाडीच्या वेगानं. दर वेळी फाटकात थोडी धूळ उठत होती. वारा होता, मी नाकारत नाही. पण नाव घेऊन मी थांबले की धूळ खाली बसायची आणि पुढचं नाव घेतलं की पुन्हा उठायची. म्हातारी माणसं हात वर करून कुणाला तरी निरोप देत होती. पटांगण रिकामं होत चाललं आहे असं मला वाटायला लागलं. आधीच रिकाम्या असलेल्या पटांगणाबद्दल असं वाटणं म्हणजे काय, ते मला समजावून सांगता येत नाही. पण शेवटी शेवटी ते खरंच मोकळं दिसू लागलं, आणि मला धीर आला.

यादी संपली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आता माही."

"तुमची जीप कुठे आहे, काका?"

"तू नाव घे."

मी घेतलं. त्यांचं पूर्ण नाव, अमरावती, जीप. त्यांनी निशाण गुंडाळून सलामभाईंच्या हातात दिलं, बाहेर पडले, उजवा हात लांब करून वळत असल्याची खूण केली आणि स्टेशनच्या दिशेला वळले. मला वाटलं चहाला गेले. मी सामान आवरलं, चांगली वाट पाहिली. सलामभाई म्हणाले, "वो तो गये, बेटा." ते एकटेच एसटीनं घरी गेले होते. मी परतले तेव्हा व्हरांड्यात बसून शांतपणे पेपर वाचत होते. "घसा बसला का वं तुहा?" एवढंच विचारलं. त्यानंतर त्यांनी कधी मेळ्याचं नाव काढलं नाही. जेवत होते, फिरायला जात होते, वैशालीशी भाजीवरून वाद घालत होते. तब्येतीची काहीच तक्रार नव्हती. आणि मग ती सकाळ आली.

जीपचा पत्ता लागला तो तेराव्यानंतर. अकोल्याच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या मास्तरांनी वैशालीला फोन केला. काकांनी जीप त्यांच्या कार्यशाळेला देऊन टाकली होती, एकाच अटीवर. ती शोभेला ठेवायची नाही. पोरांनी ती पूर्ण उघडायची, नटबोल्टपर्यंत, आणि पुन्हा जुळवायची. मग पुढच्या वर्षीच्या पोरांनी पुन्हा उघडायची. मास्तर म्हणाले, एकदा येऊन पाहून जा.

आम्ही गेल्या शनिवारी दुपारी गेलो. वैशालीच्या गाडीनं. मुलंमुली घरी जायच्या बेतात होती. लांब टेबलांवर जीप पसरलेली होती. इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे, जाळी भिंतीला टेकवलेली. मला वाटलं होतं वैशाली रडेल. तिनं एका मुलीला विचारलं, "काही अडलं का?" ती मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, सोपी आहे. सगळं समजते." वैशाली खूप दिवसांनी हसली. बाहेर येताना मला म्हणाली, "बाबा जीपमध्ये नाहीत. मला वाटलं होतं असतील."

तिची गाडी नवी आहे, विजेवर चालणारी. काकांना ती अजिबात आवडायची नाही. आवाज नाही तर ऐकायचं काय, असं त्यांचं म्हणणं. पण वैशालीनं ती घेतली तेव्हा शोरूममधून घरी चालवत त्यांनीच आणली होती. काका उंच. तिथल्या माणसानं त्यांच्या मापानं सीट मागे सरकवली, आरसा वळवला आणि ते माप एका चावीत भरून दिलं. वैशाली बुटकी, तिचं माप दुसऱ्या चावीत. काका गेल्यापासून ती त्यांचीच चावी वापरते, हे मला त्या दिवशी समजलं.

कार्यशाळेच्या आवारात आम्ही गाडीपाशी आलो. तिनं दार उघडलं. आत कुणी नसताना सीट हळूहळू मागे गेली, थोडी खाली बसली. आरसा वर झाला. एक उंच माणूस सावकाश आत शिरावा आणि नीट बसावा तितका वेळ लागला. वैशाली दार धरून बाहेर उभी. "दर वेळी असं करते मी," ती म्हणाली. "आधी त्यांना बसू देते. मग बटण दाबून माझं माप करते."

थोड्या वेळानं तिनं बटण दाबलं. सीट हलली नाही. तिनं पुन्हा दाबलं, जरा वेळ धरून ठेवलं. काहीच झालं नाही. मी म्हटलं, "बिघडली असेल." तिनं मान हलवली आणि हात मागे घेतला. मुलांच्या सायकली एकेक करून आमच्या बाजूनं निघून गेल्या. आवारातला कडुलिंब, त्याच्यावरची साळुंक्यांची कलकल, आणि उघड्या दारातून दिसणारी ती मागे गेलेली सीट. आरसा कार्यशाळेच्या दाराकडे वळलेला होता. आम्ही दोघी उभ्या राहिलो, घरातलं वडीलधारं माणूस कुणाशी तरी बोलत असलं की आपण बाजूला उभं राहतो तसं.

मग, कुणीही बटणाला हात लावलेला नसताना, सीट वर उचलली गेली आणि हळूहळू पुढे आली.

"उठले," वैशाली म्हणाली, आणि आत बसली.